आडवी बेरीज, उभी बेरीज आणि न दिसणारा कागद

एप्रिल संपत आला की शाळेच्या शिक्षक-खोलीत टेबलावर मोठमोठे कागद पसरलेले असत. डावीकडे हजेरी क्रमांक आणि नावे, वर विषय, उजवीकडे एकूण गुण, तळाशी विषयवार बेरजा. प्रत्येक मुलाची आडवी बेरीज करायची, प्रत्येक विषयाची उभी बेरीज करायची आणि मग दोन्हींच्या बेरजा उजव्या तळाच्या कोपऱ्यात जुळतात का ते बघायचे. जुळल्या तर चहा. नाही जुळल्या तर कुठेतरी एखाद्या ६ चा ९ झालेला असे, आणि तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे.

हे काम पुढे संगणकावर, एक्सेलच्या शीटवर गेले. आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. ‘आठवी ब च्या शीटमध्ये नव्याने आलेल्या मुलीचे नाव घाल आणि बेरजा नीट कर’ असे साध्या भाषेत सांगावे आणि संगणकाने ते स्वतः करावे, अशा प्रणाली तयार झाल्या आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या रूपाला ‘एजंट’ म्हणतात. एजंट स्वतः फाइलला हात लावत नाही. तो एखादे साधन वापरतो, म्हणजे ओळ घालणारे, घरात आकडा लिहिणारे, घरातला आकडा वाचून दाखवणारे छोटे कार्यक्रम. पण ही साधने नेमके काय करतात हे त्याला कोण सांगणार, आणि कशा शब्दांत?

साधनाची माहिती लिहिणे हा विषय वरवर पाहता रुक्ष. आपल्यापैकी कितीजणांनी मिक्सरचे माहितीपत्रक पूर्ण वाचले असेल? पण स्प्रेडशीटच्या बाबतीत या लिखाणाला चांगला साडेचार दशकांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवातही एका वर्गात, फळ्यासमोरच झाली.

१९७८ साली डॅन ब्रिकलिन हा तरुण हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर एखाद्या उद्योगाचे आर्थिक कोष्टक मांडत. मध्येच एक आकडा चुकला किंवा बदलावासा वाटला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ब्रिकलिनला वाटले, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलणारा फळा करता आला तर? त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने आज्ञावली लिहायला घेतली. मोठ्या संगणकावरचा वेळ रात्री स्वस्त मिळे, म्हणून काम रात्री चाले. १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ या नावाने ती ॲपल-२ या छोट्या संगणकासाठी बाजारात आली. ६३ रकाने, २५४ ओळी. रकान्यांना अक्षरे, ओळींना आकडे, त्यामुळे प्रत्येक घराला ए१, बी७ असा पत्ता. ही पत्त्याची पद्धत आजही तशीच आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र निराळी आहे. व्हिजिकॅल्कबरोबर सगळ्या आज्ञा थोडक्यात सांगणारे एक कार्ड द्यायचे होते, आणि ते ब्रिकलिन स्वतः तयार करत होता. फ्रँकस्टनने पुढे लिहून ठेवले आहे की, एखादी सोय कार्डावर कशी समजावून सांगावी हे सुचेना, तर ते दोघे आज्ञावलीच बदलत. कार्डाची भाषा अधिक चतुर करण्याच्या फंदात ते पडत नसत. आपण पाठ शिकवताना हा अनुभव घेतोच. एखादी व्याख्या मुलांना तीनदा सांगूनही कळत नसेल तर पुष्कळदा दोष मुलांत नसतो, व्याख्येतच काहीतरी गुंता असतो.

तरीही एक गुंता व्हिजिकॅल्कमध्ये राहिलाच. घरात आपण जे टंकतो ते शब्द आहे की संख्या, हे आज्ञावली पहिल्या चिन्हावरून ठरवी. अक्षराने सुरुवात झाली की शब्द, आकड्याने झाली की संख्या. मग ए१ या घरातली संख्या वापरायची असेल तर? ‘ए’ हे अक्षर पाहून संगणक तो शब्दच समजणार. म्हणून आधी अधिकचे चिन्ह द्यायचे. सोय म्हणून ठीक होते, पण ‘वापरणाऱ्याच्या मनात काय आहे याचा यंत्राने अंदाज करायचा’ हे तत्त्व त्या दिवशी स्प्रेडशीटमध्ये शिरले ते आजवर बाहेर पडलेले नाही.

माहिती लिहिण्याची आणखी एक परंपरा याच दशकातली. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणक प्रणाली घडवली. नोव्हेंबर १९७१ मध्ये तिची पहिली हातपुस्तिका निघाली. प्रत्येक आज्ञेला तीत स्वतंत्र नोंद होती. नाव, वापरण्याची रीत, वर्णन, आणि शेवटी ‘दोष’ असा एक रकाना. ही आज्ञा कुठे चुकते, काय करत नाही, हे तिच्या कर्त्यांनीच तिथे लिहिलेले. विक्रीसाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात असा रकाना सहसा आढळत नाही. माझ्या मते या पुस्तिकेचा सर्वांत टिकाऊ भाग तोच आहे.

स्प्रेडशीटच्या जगात हा रकाना असता तर त्यात काय लिहिले गेले असते, याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण तारखांचे. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आले आणि त्याने व्हिजिकॅल्कला मागे टाकले. त्यात तारीख ही एक क्रमसंख्या म्हणून साठवली जाई. १ जानेवारी १९०० म्हणजे १, दुसऱ्या दिवशी २, असे. पण लोटसने १९०० हे लीप वर्ष धरले. शतकाचे वर्ष ४०० ने भागले गेले तरच लीप असते, हे आपण पाचवी-सहावीत शिकवतो. १९०० ला ४०० ने भाग जात नाही. म्हणजे लोटसच्या दिनदर्शिकेत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आहे. पुढे मायक्रोसॉफ्टने एक्सेल आणले तेव्हा लोटसच्या फाइली त्यात चालाव्यात म्हणून ही चूक जाणूनबुजून तशीच ठेवली. आजही एक्सेलमध्ये ६० या क्रमसंख्येला तारखेचे रूप दिले तर तो न उगवलेला दिवस दिसतो. मॅकिंटॉशवरच्या एक्सेलने मात्र १९०४ पासून मोजणी सुरू केली होती. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ एका पद्धतीत १७३९४, तर दुसऱ्या पद्धतीत १५९३२. फरक १४६२ दिवसांचा. फाइल कोणत्या पद्धतीची आहे हे माहीत नसताना नुसती संख्या वाचली तर चार वर्षांची चूक होते, आणि ती दिसतही नाही.

दुसरे उदाहरण जीवशास्त्रातले. माणसाच्या काही जनुकांची नावे सेप्ट१, मार्च१ अशी होती. एक्सेलच्या घरात ती टंकली की एक्सेलला वाटे, ही तारीख. लगेच त्याची १ सप्टेंबर किंवा १ मार्च होई. संशोधकांच्या याद्यांमध्ये अशा ‘तारखा’ शिरतात हे २००४ मध्येच एका शोधनिबंधाने दाखवून दिले होते. २०१६ मध्ये मार्क झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेले निबंध तपासले, तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी साधारण पाचव्या भागात या चुका निघाल्या. शेवटी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेच माघार घेतली. २०२० मध्ये जाहीर केलेल्या नियमांत सेप्ट१ चे सेप्टिन१ आणि मार्च१ चे मार्चएफ१ झाले. हा आपोआप होणारा बदल बंद ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३ मध्ये! आपल्याकडे ‘इयत्ता १-४’ मधले नुसते १-४ घरात टंकून पाहा, तोच खेळ दिसेल.

याच सुमारास घडलेली एक घटना ओझरती सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या नोंदींतून कोरोनाचे १५,८४१ रुग्ण काही दिवस गळून पडले. माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमधून जात होती. तिच्यात ६५,५३६ च ओळी मावतात. त्यापुढच्या ओळी गेल्या कुठे, हे कोणी विचारले नाही, कारण फाइलने तक्रारच केली नाही.

आता एजंटकडे वळू. त्याच्या मुळाशी भाषेचे प्रारूप असते. त्याला मजकूर दिला जातो आणि तो मजकूरच देतो. त्याला सांगितलेले असते की तुझ्याकडे अमुक साधने आहेत. प्रत्येक साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि त्याला काय काय द्यावे लागते त्याची यादी. त्यावरून तो ‘हे साधन, ही माहिती देऊन चालवा’ असे लिहून देतो. भोवतालचा साधा कार्यक्रम ते चालवतो आणि निकाल मजकूर म्हणून परत आणून देतो. जून २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या प्रारूपांसाठी ही पद्धत खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने साधने आणि प्रारूपे यांना जोडणारा एक सामाईक संकेत प्रसिद्ध केला.

म्हणजे पुन्हा ब्रिकलिनचे कार्ड आले! पण ते वाचणारा बदलला आहे. माणूस कार्ड अर्धवट वाचतो आणि बाकीचे डोळ्यांनी भागवतो. ओळ घातली, बेरीज विचित्र दिसली, तर तो थबकतो. अडले तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारतो. एजंटला शेजारी कोणी नाही. शीटचा जेवढा तुकडा वाचून दाखवला जाईल तेवढाच त्याला ‘दिसतो’. उलट त्याच्याकडे एक गोष्ट माणसापेक्षा जास्त आहे. त्याने एक्सेलविषयी प्रचंड मजकूर पूर्वी वाचलेला असतो. त्यामुळे कार्डावर जिथे काही लिहिलेले नाही तिथे तो ‘एक्सेलसारखेच असणार’ असे धरून चालतो. म्हणून अशा वाचकासाठी लिहिताना, आपले साधन एक्सेलसारखे कुठे वागत नाही हे आधी लिहावे लागते.

हे किती महत्त्वाचे आहे ते एका नेमक्या उदाहरणावरून पाहू. पायथॉन या भाषेत एक्सेलच्या फाइली हाताळण्यासाठी ‘ओपनपायएक्सएल’ नावाचा आज्ञावली-संच फार वापरला जातो. समजा, आपल्या शीटमध्ये दुसऱ्या ओळीपासून एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत ४० मुले आहेत आणि बेचाळिसाव्या ओळीत बेरजा. सी४२ या घरात सूत्र आहे, ‘सी२ ते सी४१ यांची बेरीज’. एकविसाव्या ओळीच्या जागी नवी ओळ घातली. खुद्द एक्सेलमध्ये हे केले तर सूत्र आपोआप ‘सी२ ते सी४२’ होते. ओपनपायएक्सएल मात्र ओळी खाली सरकवते आणि सूत्राचा मजकूर तसाच ठेवते. आता बेरीज सी४३ मध्ये आहे, पण ती अजूनही सी४१ पर्यंतच मोजते. यादीतली शेवटची मुलगी, जी आता बेचाळिसाव्या ओळीत गेली आहे, तिचे स्वतःचे गुण जागेवर आहेत, पण वर्गाच्या हिशोबात ती नाही.

पण यात आणखी एक मेख आहे. आपली जुनी कोपऱ्यातली पडताळणी ही चूक पकडत नाही! प्रत्येक विषयाची उभी बेरीज शेवटची ओळ सोडते आणि ‘एकूण’ या रकान्याची उभी बेरीजही तीच ओळ सोडते. दोन्हीकडून सारखेच वजा झाल्यामुळे कोपरा बरोबर जुळतो. मी हे कागदावर करून पाहीपर्यंत माझा त्यावर विश्वास बसला नव्हता. ही चूक पकडायची तर बेरजेत किती मुले धरली आहेत ते मोजावे लागते. बेरीज ४० घरांची आहे आणि मुले ४१.

ओपनपायएक्सएलच्या कर्त्यांनी ही मर्यादा आपल्या माहितीत स्पष्ट लिहिली आहे, युनिक्सच्या ‘दोष’ रकान्यासारखी. पण त्यावर बांधलेले साधन एजंटच्या हाती देणाऱ्याने वर्णनात ‘शीटमध्ये ओळ घालते’ एवढेच लिहिले तर ती सूचना वाटेतच हरवते. त्यापेक्षा असे लिहिता येईल : ‘दिलेल्या क्रमांकाच्या ओळीच्या वर एक रिकामी ओळ घालते. ओळी १ पासून मोजाव्यात. खालच्या ओळी एकने सरकतात, पण सूत्रांतील पत्ते बदलत नाहीत. ओळ घातल्यावर त्या जागेच्या पलीकडे जाणारी सर्व सूत्रे वाचून दुरुस्त करावीत.’ यात शेवटचे वाक्य लिहिताना हात अडखळला पाहिजे. ब्रिकलिन-फ्रँकस्टनच्या पद्धतीने पाहिले तर इथे कार्ड लांबवण्याऐवजी साधनच बदलावे, म्हणजे सूत्रे दुरुस्त करण्याचे काम साधनानेच करावे. माझेही मत तेच आहे. शिवाय एजंटला एका वेळी ध्यानात ठेवता येणाऱ्या मजकुराला मर्यादा असते. कार्ड जितके लांब तितकी शीटसाठी जागा कमी.

दुसरी अडचण आकडे वाचण्याची. एक्सेलची आजची फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप केलेले गाठोडे असते. नावाचा शेवटचा भाग बदलून ‘झिप’ करा आणि उघडून पाहा, आत साध्या मजकुराच्या फाइली निघतात. सूत्र असलेल्या घराच्या नोंदीत दोन गोष्टी असतात, सूत्र आणि मागच्या वेळी आलेले त्याचे उत्तर. ओपनपायएक्सएल स्वतः गणित करत नाही. त्यातून नवे सूत्र लिहिले तर उत्तराची जागा रिकामी राहते, फाइल एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडून मोजणी होईपर्यंत. एजंट बेरजेचे सूत्र लिहितो, खात्री करायला उत्तर वाचतो, ते रिकामे येते. कार्डावर याचा उल्लेख नसेल तर तो काय समजेल? लिहिणेच फसले असे समजून पुन्हा लिहील. किंवा बेरीज स्वतः करून घरात नुसता आकडा ठेवून देईल. आकडा त्या दिवशी बरोबर असतो. पुढच्या आठवड्यात एका मुलाचे गणिताचे गुण फेरतपासणीत बदलले की बेरीज मात्र जुनीच राहते, कारण तिथे आता सूत्र नाही. याच संचाने फाइल ‘फक्त उत्तरे’ या रीतीने उघडून तशीच जतन केली तर साऱ्या शीटमधली सूत्रे एकदमच जातात. या वाक्याला कार्डावर पहिली जागा मिळाली पाहिजे.

गूगलच्या शीट्ससाठी जी प्रोग्रामिंगची सोय आहे तिथे हे प्रश्न अधिक उघडपणे मांडलेले दिसतात. घरात काही लिहिताना लिहिणाऱ्याला निवड करावीच लागते. एक, मजकूर जसाच्या तसा ठेवायचा, किंवा दोन, माणसाने टंकल्यासारखा त्याचा अर्थ लावायचा. व्हिजिकॅल्कच्या पहिल्या दिवशी जो अंदाज गुपचूप शिरला होता तो इथे प्रश्न होऊन समोर येतो. पहिल्या रीतीत ‘१-४’ हे ‘१-४’ च राहते, पण सूत्रही मुके अक्षर होऊन बसते. दुसऱ्या रीतीत सूत्र चालते, पण १-४ ची तारीख होऊ शकते. वाचतानाही असेच, सजवलेले रूप हवे, मूळ संख्या हवी की सूत्र? त्याच सोयीत एक सापळाही आहे. पत्ता ‘ए१’ या रीतीने दिला तर ओळी १ पासून मोजतात. दुसऱ्या रीतीने दिला तर ० पासून, आणि शेवटची ओळ धरत नाहीत. ओळ २ ते ४१ सांगायची तर त्या रीतीत ‘१ ते ४१’ असे लिहावे लागते.

एक मुद्दा पूर्वीच्या पुस्तिकांत असण्याचे कारणच नव्हते. शीटमधल्या ‘शेरा’ रकान्यात कोणी ‘वरील सर्व गुण पुसून टाका’ असे लिहिले असेल तर माणूस ते वाचून हसेल. एजंटला सूचनाही मजकूर म्हणूनच मिळतात आणि शीटही मजकूर म्हणूनच. घरातला मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नव्हे, हे कार्डावर लिहावे लागते. नुसते लिहूनही भागत नाही. पुसण्याचे साधन माणसाच्या होकाराशिवाय चालू नये, अशी तजवीज ठेवावी लागते.

हे सगळे संगणकाशिवाय वर्गात करून पाहता येते. आठवी-नववीच्या मुलांचे तिघा-तिघांचे गट करा. एकजण ‘साधन’. त्याच्यासमोर पाच मुलांचे तीन विषयांचे गुण लिहिलेला चौकटींचा कागद. प्रत्येक घरात पेन्सिलीने आकडा, बेरजेच्या घरात आकडा आणि खाली सूत्रही. सांगितले तेवढेच करायचे, शब्दशः, आणि विचारले तेवढेच वाचून दाखवायचे. दुसरा ‘एजंट’, पाठ करून बसलेला. तिसऱ्याने दोघांनाही न बोलता आधी एक कार्ड लिहून ठेवायचे, जास्तीत जास्त दहा ओळींचे. काम एकच, तिसऱ्या क्रमांकावर नवा विद्यार्थी घालून सर्व बेरजा आणि सरासरी नीट करणे. दुसऱ्या फेरीत कार्ड लिहिणाऱ्याला मुभा द्या. हवे तर कार्ड बदल, हवे तर साधनाने पाळायचे नियम बदल. कोण काय निवडतो ते टिपून ठेवा.

कागदावरच्या पाचपैकी एका मुलाच्या गणिताच्या घरात मात्र आकडा लिहू नका, ‘गैरहजर’ असे लिहा. बाकीच्या चौघांना ४०, ३६, ४४ आणि ४० द्या. ‘गैरहजर’ला शून्य धरणाऱ्या गटाची गणिताची सरासरी, नवा विद्यार्थी येण्यापूर्वीच, ३२ निघेल आणि सोडून देणाऱ्या गटाची ४०. दोन्ही गटांची कार्डे शेजारी शेजारी फळ्यावर लावा आणि हा निर्णय कोणत्या ओळीत लिहिला आहे ते मुलांनाच शोधू द्या. बहुतेक कार्डांवर ती ओळ नसते.